नंबर गेला न्हाई, सर

"नंबर गेला न्हाई, सर."

सिस्टर पुस्तक टेबलावर ठेवायच्या, त्यातली खुणेची पट्टी काढून पर्समध्ये टाकायच्या आणि एवढंच बोलायच्या. पट्टी म्हणजे दवाखान्यात घसा तपासताना जीभ दाबायला घेतात ती चपटी लाकडी काडी. त्यांचं वाक्य संपलं की पुस्तकाचा निकाल लागला. मग लेखक कितीही मोठा असो, त्याला कुठलंही पारितोषिक मिळालेलं असो आणि मी शेवटच्या पानावर पेन्सिलीनं कितीही मार्क लिहिलेले असोत. नंबर गेला नाही म्हणजे पुस्तक नापास.

क्वचित कधी त्या यायच्या त्या दमलेल्या, केस कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर मात्र लग्नघरातल्यासारखं हसू. "गेला सर, नंबर गेला. लई झ्याक पुस्तक हाय." असं वर्षातून चार-पाचदा व्हायचं. त्या पुस्तकाकडे मग मी वेगळ्या नजरेनं बघायचो आणि गुपचूप माझे मार्क वाढवायचो.

हा नंबर कसला ते सांगायला पाहिजे. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, साहेब नवे, साहेबांच्या जीपगाड्या नव्या. पाणी मात्र जुन्या तालुक्यापुरतंच होतं, आणि दुष्काळाच्या त्या सालांत तेवढंही उरलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. तो कधी येणार हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं, म्हणून सकाळीच आपापली घागर रांगेत ठेवून बायका सावलीला बसायच्या. माणसाच्या वतीनं घागर उभी राहायची. टँकरचा पाइप आपल्या घागरीपर्यंत आला की मालकीण तिथं हजर हवी. नसली तर मागची बाई ती घागर उचलून बाजूला ठेवायची आणि आपला हंडा पुढं सरकवायची. कुणी कुणाला हाक मारायची नाही, हा गल्लीचा कायदा होता. बाजूला पडलेली घागर थेट शेवटी जायची, आणि शेवटपर्यंत पाणी पुरेल याची हमी कुणी देत नव्हतं.

सिस्टर किराणा दुकानाच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायच्या. पुस्तक बरं असलं तर वाचता वाचता एक डोळा घागरीवर असायचा. पुस्तक खरंच चांगलं असलं तर तो डोळाही पानावर यायचा आणि घागर बाजूला जायची. हीच त्यांची परीक्षा होती आणि हाच निकाल.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे, त्यांची म्हातारी आईसुद्धा चारचौघांत "आमची सिस्टर" म्हणायची. माहेर कंधारकडच्या एका खेड्यातलं. नवरा उदगीरला मास्तर, रविवारपुरता यायचा. घरात आई, एक लहान लेक आणि भिंतीतल्या कोनाड्यात पुस्तकं. "आमच्या बापानं छप्पन सालानंतर देव्हारा काढला," त्या सांगायच्या. "ती जागा रिकामी दिसाया लागली म्हणून पुस्तकं ठिवली. तवापासून पुस्तकाला कव्हर घातल्याबिगर हात लावू देत न्हाई आमच्याकडं."

कव्हरं कसली, तर दवाखान्यातल्या जुन्या पोस्टरांची. देवीच्या रोगाची, नसबंदीची, क्षयाची. त्या साली जुलाबाची साथ जोरात होती, त्यामुळं मीठ-साखर-पाण्याच्या पोस्टरांचा गठ्ठाच त्यांच्या घरी पडला होता. कादंबरी असो की कविता, वरती एक आई मुलाला वाटीनं पाणी पाजत असायची.

आता माझ्याविषयी. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाला असलेल्या वाचनालयात हौसेनं ग्रंथपाल म्हणून बसायचो. मराठीच्या मास्तराला पेपर तपासायची सवय असते, ती मला पुस्तकांनाही लागली होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मी शंभरपैकी मार्क लिहायचो. छपाई वाईट असेल तर पाच कापायचे. प्रस्तावना लेखकाच्या गुरूंची असेल तर दहा कापायचे. लेखक आपल्या मराठवाड्यातला असेल तर पाच ग्रेस द्यायचे. चौसष्टाच्या वर मी कुणालाच कधी दिले नाहीत, कारण पासष्टाच्या पुढं दिले की तपासणारा कच्चा वाटतो. या मार्कांच्या जोरावर लातुरात कोण मोठा लेखक होणार आणि कोण नाही हे मीच ठरवतोय, असं मला मनातून वाटत असे. लातुराला याची काही कल्पना नव्हती.

सिस्टर नव्यानं सभासद झाल्या तेव्हा एक जाड कादंबरी घेऊन गेल्या. परत आणली तेव्हा माझ्यासमोर उभं राहून त्यांनी ती मधेच उघडून दाखवली. जुन्या पुस्तकांत काही पानं कडेला जोडलेली राहायची, ती फाडून वाचावी लागत. या कादंबरीतली पानं कुणीतरी स्वच्छ कापली होती.

"दवाखान्यातल्या कात्रीनं कापली," त्या म्हणाल्या. "मागं सत्तावन्न मार्क तुम्हीच दिलेत न्हवं?"

"हो."

"मग सर, तुम्ही ही पानं जोडलेली असताना आतून कशी वाचली?"

वाचनालयात त्या वेळी आणखी दोन सभासद होते आणि दोघंही मोठ्यानं हसले. मी म्हणालो की अनुभवी माणसाला दोन पानांवरून पुस्तकाचा अंदाज येतो. सिस्टर म्हणाल्या, "हाव, आमचे डॉक्टरसाहेब बी असंच म्हणतेत. मग पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जातो." त्या दिवसापासून मी निदान पानं कापून ठेवू लागलो.

त्यांच्या निकालाची कीर्ती गल्लीभर पसरली, आणि तीही अशा बायकांत, ज्यांनी वाचनालयाची पायरी कधी चढली नव्हती. सिस्टरच्या मागं ज्यांची घागर असायची त्या साहित्याच्या फार अपेक्षेनं उभ्या असायच्या. पुस्तक चांगलं निघालं तर त्यांची पाळी लवकर यायची. एकदा एक पाटलीणबाई माझ्या दारात आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "सर, सिस्टरला उद्यासाठी एखादं चांगलं पुस्तक द्या की. माझ्याकडं पाव्हणे येणार हायेत." मराठी साहित्याला अशी तहानलेली मागणी मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

याच सुमारास माझं पुस्तक आलं. ललितलेखांचं होतं, स्वखर्चानं काढलेलं. प्रकाशक म्हणून माझ्या मेव्हण्याचं नाव होतं आणि प्रस्तावना, सांगायला लाज वाटते, माझ्या गुरूंची होती. त्यात 'घागर' नावाचा एक लेख होता. कमरेवर घागर घेऊन येणाऱ्या स्त्रीच्या चालीत कशी लय असते, पाणी कसं हिंदकळतं आणि उन्हात कसं चमकतं, असं बरंच त्यात होतं. मी स्वतः तोपर्यंत घागर कमरेवर सोडा, हातातही धड उचललेली नव्हती. आमच्या घरचं पाणी बायको भरायची. तिनं तो लेख वाचला आणि म्हणाली, "अहो, ही बाई कुठल्या गावची हो? तिच्याकडं पाणी हिंदकळेपर्यंत मिळतंय."

तरी मी माझ्या पुस्तकाला एकाहत्तर मार्क दिले होते. चौसष्टाचा नियम त्या दिवशी मोडला.

एक प्रत मी सिस्टरच्या हातात दिली. सहज दिल्यासारखं दाखवलं, पण खरं सांगतो, मेव्हणा, गुरू, वर्तमानपत्रं यांचं मला काही पडलं नव्हतं. माझ्या पुस्तकापायी सिस्टरची घागर एकदा, फक्त एकदा बाजूला जावी एवढीच माझी इच्छा होती. रोज सकाळी दात घासायच्या निमित्तानं मी ओट्यावर उभा राहून रांगेकडे बघायचो. सिस्टर वाचत असायच्या. पाइप सरकत यायचा. सिस्टर उठायच्या, घागर भरायच्या आणि परत येऊन वाचू लागायच्या. मी चूळ भरायचो आणि आत जायचो.

आणि मग ती बंदी आली.

सरकारनं एका कादंबरीवर बंदी घातली होती. कुणाच्या तरी भावना दुखावल्या होत्या, सगळ्या प्रती सरकारजमा करायच्या होत्या. नाव सांगत नाही. भीतीनं नव्हे, तर पुढं कळेल त्या कारणानं तिची आणखी जाहिरात करायची माझी इच्छा नाही. आमच्या वाचनालयात तिची एक प्रत होती. मी पहिलं प्रकरण आणि मागचं कव्हर वाचून तिला अडतीस मार्क दिले होते. वर्षभर ती कुणी नेली नव्हती. बंदीची बातमी आली त्या संध्याकाळी मात्र वाचनालयात बसायला जागा उरली नाही. एक आडते तर म्हणाले, "सर, ते बंदीचं हाय का? नसंल तर तसलंच दुसरं एखादं द्या."

ते नव्हतंच. बातमीच्या आधीच ते सिस्टरनी नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष शाळेत आले. "सर, ते पुस्तक आजच्या आज चौकीत जमा करा. कुणाकडं हाय?" मी म्हणालो, "बघतो." नाव सांगितलं नाही. सिस्टर सरकारी नोकरीत होत्या, आणि बंदीचं पुस्तक सरकारी नोकराच्या घरात सापडलं असं कुणी वरती कळवलं तर काय होईल हे मला कल्पनेतही बघवेना. त्यांच्या एका पगारावर म्हाताऱ्या आईचं औषध चालायचं.

मधल्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेलो. सिस्टर ड्यूटीवर होत्या. आईनं दार उघडलं. "मावशी, वाचनालयाचं पुस्तक पाहिजे, घाईचं आहे," म्हणालो. "त्या फळीवर असंल, बघ बाबा," म्हणाल्या. कोनाड्यातल्या फळीवरचं वरचंच पुस्तक मीठ-साखर-पाण्याच्या कव्हरात होतं आणि त्यातून लाकडी पट्टी डोकावत होती. सिस्टर वाचत होत्या तेच हे, अशी माझी खात्री पटली. मी ते पिशवीत घातलं आणि निघालो.

ते मी उघडून पाहिलं का? नाही. तुम्ही मला आता ओळखता.

चौकीतल्या जमादारांनी पोस्टरवरच्या आई-मुलाकडे बघितलं आणि विचारलं, "सर, हे जुलाबाचं हाय?"

"वरून दिसतं तसं नाहीये," मी आवाज खाली आणून म्हणालो. जमादारांनी समजूतदारपणे मान हलवली. असल्या पुस्तकाला असं कव्हर घालतच असणार, हे त्यांना पटलं. त्यांनीही उघडलं नाही. दोरी गुंडाळली, लाख वितळवली, शिक्का मारला, आणि पुस्तक वरच्या कचेरीला जाणाऱ्या पोत्यात पडलं.

संध्याकाळी सिस्टर वाचनालयात आल्या. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "सर, आज माझ्या घरून काय नेलंत?"

"ते... बंदीचं."

"न्हाई नेलं. ते माझ्या पर्समधी हाय. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचून राहिले." मग जरा थांबून म्हणाल्या, "फळीवर तुमचं होतं."

मला पहिल्यांदा अर्थच लागेना. मग लागला आणि मी खुर्चीत बसलो. माझे ललितलेख, गुरूंची प्रस्तावना, 'घागर'ची लय, सगळं लाखेचा शिक्का बसून आक्षेपार्ह साहित्य म्हणून पोत्यात गेलं होतं. सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडात घालावा लागला.

"हसताय काय? ते खरं पुस्तक द्या इकडं. मी आत्ता जाऊन बदलून आणतो."

"थोडं राहिलंय. वाचून देते."

"अहो सिस्टर, नोकरी जाईल! पुस्तकासाठी कुणी नोकरी घालवतं का? असल्या कादंबरीत काय ठेवलंय? मी अडतीस दिलेत."

त्यांचं हसू थांबलं. रागावल्या नाहीत, पण खुर्ची ओढून समोर बसल्या. "सर, तुमाला माझा नंबर म्हंजे गंमत वाटती. वाटू द्या. पर आमच्या गावात माझ्या आज्याला नंबरच नव्हता. आडापासून लांब घागर घिऊन बसायचं. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. न्हाई आली तर तसंच घरी. रांगच न्हाई तर नंबर कुठला? आता माझी घागर पाटलिणीच्या घागरीला खेटून उभी राहती. त्यो नंबर माझ्या हक्काचा हाय. म्हणून मी त्यो फुकट घालवत न्हाई. तशीच चीज असली तरच घालवते. अन् कशापायी घालवायचा ते मी ठरवीन. सरकार कशाला ठरवंल?"

इतके दिवस मी त्यांचा निकाल चारचौघांत विनोद म्हणून सांगत होतो आणि लोक हसत होते, मीही हसत होतो. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की एखाद्या लेखकाला त्या किती मोठं बक्षीस देत होत्या. माझे शंभर मार्क त्यापुढं पेन्सिलीचे होते.

पुढचे दोन-तीन दिवस माझे कसे गेले ते विचारू नका. सिस्टरनी बंदीचं पुस्तक उघड्यावर, टँकरच्या रांगेत वाचून संपवलं. आणि त्यांच्या मागची घागर कुणाची, तर जमादारांच्या बायकोची. मी दात घासत ओट्यावर उभा होतो आणि ब्रश तोंडात तसाच राहिला होता.

"सिस्टर, काय वाचून राहिलात एवढं?" जमादारीणबाईंनी विचारलं.

"जुलाबाचं हाय," सिस्टर म्हणाल्या.

"अगं बाई! आमच्या धाकट्याला कालपासून हैराण केलंय त्यानं."

सिस्टरनी पुस्तक मिटलं आणि मीठ किती, साखर किती, पाणी उकळून कसं गार करायचं हे त्यांना नीट समजावून सांगितलं. बोलता बोलता उठल्या, आपली घागर भरली, जमादारीणबाईंच्या हंड्यालाही हात लावला आणि परत पायरीवर येऊन उरलेली पानं वाचली.

संध्याकाळी पुस्तक माझ्या टेबलावर आलं. पट्टी पर्समध्ये गेली.

"नंबर गेला न्हाई, सर."

"मग?"

"मग काय? बंदी घालण्याइतकं चांगलं न्हाई. सरकारनं उगाच तरास घेतला. तुमचे अडतीस बरोबर निघाले, न वाचता." जाताना मात्र दारात थांबून म्हणाल्या, "पर हे वाचल्यावर म्हणता येतंय, सर. आधी न्हाई."

मी ते पुस्तक चौकीत नेलं आणि आधीची प्रत चुकून आली होती, ती परत मिळेल का, असं विचारलं. जमादार म्हणाले, "सील झालं सर, वर गेलं. आता हे बी द्या." त्यांनी त्यालाही दोरी बांधली. एका लहानशा वाचनालयानं तत्परतेनं दोन प्रती जमा केल्या म्हणून आमच्या अध्यक्षांचं पुढं एका सभेत कौतुक झालं. मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवल्या. पुढं कितीतरी वर्षं, ओळख नसलेल्या लोकांत बसलो की मी हळूच सांगायचो, माझंही एक पुस्तक सरकारनं जप्त केलं होतं. बायको म्हणायची, "बरं झालं, एक तरी प्रत कुणीतरी मागून नेली."

माझ्या पुस्तकाचा निकाल मात्र राहिलाच. मी विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अर्ध्यावर होते. अर्ध्यावर निकाल लावत न्हाई मी, तुमच्यासारखं न्हाई." पलंगाखाली गठ्ठे होतेच, त्यातली दुसरी प्रत, शेवटच्या पानावर एकाहत्तर लिहून, मी त्याच रात्री पोचवली. त्यांनी तिला नवं पोस्टर चढवलं.

आणि नेमका त्या वर्षी पाऊस बरा झाला. तळी भरली, नळाला पाणी आलं, टँकर बंद झाला. गल्लीतल्या बायकांनी घागरी धुऊन माळ्यावर टाकल्या. सगळं लातूर आनंदात होतं, आणि मी एकटा नळाकडे खुनशी नजरेनं बघत उभा असायचो. रांग नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर निकाल नाही. "घरात बसून वाचा की," मी सिस्टरना सुचवलं. "घरात वाचलं तर काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "घरात कुणी काय हिसकून घेत न्हाई."

पुढं त्यांची बदली देवणीला झाली. ट्रकमध्ये सामान चढत होतं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं पुस्तक वरच ठिवलंय, सर. रांग लागली की वाचते." त्यानंतर देवणीहून बैल घेऊन आलेला एक माणूस मला आठवडी बाजारात भेटला. मी त्याला बैलाविषयी काही न विचारता तिकडं पाणीटंचाई आहे का असं विचारलं. "न्हाई बा, हापशाला चांगलं पाणी हाय," तो खुशीत म्हणाला. मी उदास होऊन घरी आलो. दुसऱ्याच्या गावाला पाणी आहे म्हणून हळहळणारा मराठवाड्यात माझ्याशिवाय दुसरा कुणी नसेल.

वर्षं गेली. मी निवृत्त झालो आणि मुलाकडे नांदेडला राहायला आलो. एका दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेलो असताना बाकावर पांढऱ्या केसांची एक बाई बसलेली दिसली. मांडीवर पर्स, पर्समध्ये लाकडी पट्टी. मी समोर उभा राहिलो.

"सर! म्हातारे झालात की," सिस्टर म्हणाल्या.

त्या लेकीकडे नांदेडलाच राहत होत्या. हृदयाचं दुखणं होतं, दर थोड्या दिवसांनी दाखवायला यावं लागे. दम लागत होता, पावलांवर सूज दिसत होती. पण बोलणं तेच होतं. पर्समधून त्यांनी पुस्तक काढलं. पोस्टर कडेनं फाटलं होतं, पण आई अजून मुलाला पाणी पाजत होती.

"इथं लई झकास रांग असती, सर," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीवर नंबर देतेत, त्या पाटीवर लाल आकडा पेटतो. न्हाई गेलं आत तर पुढचा माणूस जातो. कुणी हाक मारत न्हाई. म्हटलं आता तुमचं काढावं."

मी त्यांच्या शेजारी बसलो. त्या वाचू लागल्या. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी मी तळमळत होतो तो असा औषधांच्या वासात येईल असं वाटलं नव्हतं. मी छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, मान वळवून मागच्या पाटीकडे बघितलं, त्यांच्या चष्म्याकडे चोरून बघितलं. पानं उलटत होती. लेक औषधं आणायला खाली गेली होती.

घंटी वाजली आणि पाटीवर सिस्टरचा आकडा पेटला.

त्यांनी मान वर केली नाही. चष्मा पानावर, बोट ओळीखाली. माझ्या छातीत असं धडधडलं की रक्तदाब मोजायला मी नेमक्या जागी बसलो होतो. गेला! माझ्या पुस्तकापायी सिस्टरचा नंबर जात होता! समोरच्या बाकावरचा एक गृहस्थ आपली चिठ्ठी बघत उठू लागला. मला फक्त गप्प बसायचं होतं. गल्लीचा कायदाही तेच सांगत होता.

मग मी त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे बघितलं. ओठ निळसर दिसत होते, आणि एवढंसं पान उलटायलाही त्यांना दम लागत होता. आतला डॉक्टर जेवायला गेला की किती वेळानं येईल कोण जाणे.

"सिस्टर," मी त्यांचा खांदा हलवला. "तुमचा नंबर आला."

त्यांनी पुस्तकातून वर बघितलं. आधी मागं वळून पाटीकडे, मग माझ्याकडे. "कशाला सांगितलं, सर?" त्या खरंच चिडल्या होत्या. "जात होता की! आता ह्याचा निकाल कसा लावू?"

"राहू द्या निकाल. तुम्ही आत जा आधी."

त्या बाकाचा आधार घेऊन उठल्या. पुस्तकात पट्टी घातली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. "धरा. आलेच मी. खूण हलवू नका."

त्या बाहेर आल्या नाहीत. डॉक्टरांनी आतूनच त्यांना भरती करून घेतलं, आणि चार-आठ दिवसांत सगळं संपलं. मी दोनदा भेटायला गेलो, पण तोंडाला नळी होती. त्यांनी हातानं पुस्तकाची खूण केली आणि मी पिशवीवर थाप मारून ते आहे असं सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. बुद्धवंदना झाली. लेक माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला त्या दिवशीचं सांगितलं, आई कशी वाचनात बुडाली होती, पाटी पेटली तरी कसं कळलं नाही.

"काका, आईला कानानं कमी ऐकू यायचं, आकड्याची घंटी कळायची न्हाई," ती म्हणाली. "म्हणून ती नेहमी पाटीच्या समोर बसायची. दुसरीकडं बसायचीच न्हाई. त्या दिवशीच पाटीकडं पाठ करून बसली. मी म्हणलं, आई, इकडं बस. तर म्हणली, राहू दे, चिठ्ठीच्या खिडकीपाशी सर दिसलेत, आज माझ्याजवळ बसणारेत."

घरी येऊन मी पुस्तक उघडलं. पट्टी 'घागर' या लेखात होती. त्या लेखात बुडून जाण्यासारखं काही नाही हे मी लेखक म्हणून शपथेवर सांगतो. हिंदकळणारं पाणी आहे, चमकणारं ऊन आहे आणि कुठल्या गावची म्हणून कुणाला न कळणारी एक बाई आहे. तेव्हा सिस्टरनी मला पाच ग्रेस दिले, आपल्या भागातला म्हणून. आज्याला कधी न मिळालेला आणि त्यांनी जन्मभर जपलेला नंबर त्या माझ्यासारख्यावर उधळायला निघाल्या होत्या. हे आठवलं की माझे डोळे भरून येतात आणि हसूही येतं. मार्क लिहिणं मी सोडलं आहे. शेवटच्या पानावरचे एकाहत्तर खोडून टाकले.

पट्टी जिथं होती तिथंच आहे. कुठं रांगेत बसायचं असलं की मी ते पुस्तक पिशवीत घेतो. परवा पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेलो होतो. चिठ्ठी घेतली, बाकावर बसलो, पुस्तक मांडीवर ठेवलं. त्या पोस्टरवरच्या आईचा चेहरा आता बराचसा पुसला गेला आहे, हातातली वाटी तेवढी नीट दिसते. मी तिच्याकडे बघत बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "काका, तुमचा आकडा केव्हाच होऊन गेला."

माझा नंबर गेला होता. पुस्तक मी उघडलंसुद्धा नव्हतं.